शेवटच्या कोपऱ्याचा दोरा

१

कामशेतच्या बाजारपेठेत माझं भांड्यांचं दुकान आहे. कुकर, मिक्सर, पिंप, रुखवताला लागणारं सगळं. दुकानावर मोठ्या हौसेने रंगवून घेतलेली पाटी होती, 'जुने द्या, नवे घ्या'. ही पाटी चालायची ती लोणावळ्याच्या बंगलेवाल्यांच्या जिवावर. कुकरची शिट्टी सैल झाली तरी ती माणसं कुकरच टाकून देतात, आणि मी हसतमुखाने दुसरा बांधून देतो.

आणि याच त्र्यंबकशेठच्या, म्हणजे माझ्या, घरी पाहुणा आला तर त्याला काय दिसायचं? कुकरच्या मुठीला तांब्याची तार गुंडाळलेली. मिक्सरच्या झाकणाला सायकलच्या ट्यूबची पट्टी. तडा गेलेली प्लास्टिकची बादली, तापल्या सुईने भोकं पाडून तारेने शिवलेली. खुर्चीच्या मोडक्या हाताला बांबूची कामटी आणि तिच्यावर सुतळी. माझ्या शर्टाची कॉलर झिजली की ती उसवून, उलटी करून, परत शिवलेली. हे सगळं माझ्या बायकोचं, रजनीचं काम. मी दुकानातून नवा कुकर घरी आणला तर ती खोकंसुद्धा उघडायची नाही.

"तो विका," म्हणायची. "ह्याला काय झालंय? हात मोडला म्हणून माणूस टाकतात का?"

"माणसाची गोष्ट वेगळी, कुकरची वेगळी."

"तुम्हाला वेगळी असेल."

तिचं माहेर आंदर मावळातलं. एसटी आली तर आली. मोडलेल्या वस्तूच्या जागी दुसरी आणायची तर डोंगर उतरून यावं लागे, म्हणून मोडलेलं तिथल्या तिथे सांधायचं, आणि सांधायला लागणारं सामानही घरातूनच काढायचं. घरातलं घरात, हा तिचा कायदा. जुन्या गोधडीचा दोरा उसवून फाटक्या पिशवीला. मोडक्या छत्रीची काडी पडद्याला. विकतच्या दोऱ्याला ती हात लावत नसे. उसवलेला दोरा अंगठा आणि करंगळी यांच्यात तिढा देत गुंडाळायचा आणि बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायचा.

त्या सगळ्यात माझा वाटा एवढाच, की चाळिशीनंतर तिला सुईचं नेढं दिसेनासं झालं. शिवताना दोरा संपला की ती मान वर न करता हात मागे करायची, तळवा वर. "अहो, दोरा." मी सुईत दोरा ओवून त्या तळव्यावर ठेवायचो. पेपर वाचता वाचता, टीव्ही बघता बघता. कुरकुर पुष्कळ केली असेल, पण तो हात कधी रिकामा परत गेला नाही.

फाल्गुनात एका सकाळी छातीत दुखतंय म्हणाली आणि तळेगावला नेईपर्यंत गेली. त्याच्या थोडेच दिवस आधी तिने हातातलं शेवटचं काम पुरं केलं होतं, माझी गोधडी. तिच्या आईच्या लुगड्यांची, पार विरलेली, ती तिने नवे थर घालून परत शिवली. "ही तुमच्यासाठी. तुमचे गुडघे गार पडतात." शेवटचा कोपरा बंद करण्याआधी तिने त्यात चिमूटभर तांदूळ घातले. तिच्या माहेरची तशी रीत होती. गोधडीचं पोट रिकामं ठेवत नाहीत.

२

श्रावणात एक दिवस मी भात लावायला कुकर उचलला आणि मूठ माझ्या हातात आली. कुकर खाली राहिला.

यात काही विशेष नाही. जुनी मूठ, कधीतरी निघणारच. मी तार शोधू लागलो. ओट्यावर नाही, खाली नाही, मोरीत नाही. तुटली असती तर तुकडे मिळाले असते. मुठीवर तारेचे वळ तसेच होते, एकाशेजारी एक, आणि त्या वळांत साचलेला वर्षांचा काळपटपणाही जागच्या जागी होता. तार कुणीतरी हळूहळू, एकेक वेढा मोजल्यासारखी सोडवून घेतली होती.

मी फडक्याने धरून भात केला. भात करपला. जेवताना मनाशी म्हटलं, त्र्यंबकराव, तारेचं काय एवढं घेऊन बसलात? दुकानात भिंतभर कुकर आहेत. तरी मी त्या दिवशी दुसरा कुकर आणला नाही. त्या मुठीवर तिचा हात फिरला होता. ज्याचं माणूस गेलं आहे त्याला हे सांगावं लागत नाही.

दोन-तीन दिवसांनी बादली गळायला लागली. तड्याच्या दोन्ही बाजूंची भोकं उघडी, आत तार नाही. मग शर्ट. दुकानात जायला निघालो, शर्ट घातला, आणि कॉलर मानेवरून सुटून हातात आली. कापड फाटलेलं नव्हतं. दोऱ्याचा एक धागाही कुठे लोंबत नव्हता. त्या कापडाला कधी सुई लागलीच नव्हती असं वाटावं इतकं ते नीट सुटलं होतं.

३

आमच्या शेजारी शकुबाई राहतात. मूळच्या बेडसे गावच्या. नवरा रेल्वेत होता, तो गेल्यावर त्या इथेच राहिल्या. उन्हाळ्यात त्यांच्या ओसरीवर गोधड्या पसरायच्या आणि रजनी आणि त्या दोन टोकांनी शिवत मध्यापर्यंत यायच्या. मधे भेटल्या की चहा. मी शर्ट आणि बादली घेऊन त्यांच्याकडे गेलो.

"उंदीर असतील का हो मावशी?" त्या माझ्याहून मोठ्या, म्हणून मी मावशी म्हणतो.

त्यांनी कॉलर उजेडात धरली आणि कडेवरून बोट फिरवलं.

"उंदीर कुरतडतो भाऊ. ह्ये कुरतडल्यालं न्हाई. ह्ये उसवलंय."

"कुणी?"

"मला काय ठावं? पर ज्यानं उसवलंय त्याला दोरा पायजेल व्हता. शर्टाचं काय करायचं न्हवतं त्याला. बगा की, कापडाला वरखडा न्हाई."

"घराला कुलूप असतं दिवसभर."

"व्हय." त्यांनी कॉलर माझ्या हातात परत दिली आणि दोन्ही हात पदराला पुसले. "कायतरी खाल्लं का सकाळपास्नं? या, भाकर टाकते."

मी भाकरी खाल्ली. त्या माझ्याकडे न बघता चुलीकडे बघत बसल्या होत्या. उठताना म्हणाल्या, "रजनीताईचा डबा कुटं असतो वो आता? पत्र्याचा?"

४

डबा कपाटावर होता, जिथे ती ठेवायची तिथेच. तिच्या जाण्यानंतर मी त्याला हात लावला नव्हता. तेव्हा तो रिकामाच होता, कारण शेवटचा दोरा तिने गोधडीत संपवला होता. मी खुर्चीवर चढून तो खाली घेतला. जड लागला.

आत तांब्याची तार होती, बारीक वेटोळं करून. बादलीची तार. कॉलरचा पांढरा दोरा, अंगठा आणि करंगळी यांच्यात तिढा देऊन गुंडाळलेला, मधे आवळलेला. तसं गुंडाळणारं माणूस मला एकच माहीत होतं.

मी खाटेवर बसलो. माझं डोकं दुकानदाराचं आहे, वस्तू हरवली की आधी गल्ल्यावर बसणाऱ्याकडे बघतो. इथे गल्ल्यावर मीच. म्हणजे हे मीच करत असणार. दु:खात माणसं काय काय करतात आणि त्यांना आठवत नाही, असं ऐकलेलं आहे. मी तिचं गुंडाळणं आयुष्यभर बघितलं होतं, हाताला सवय नसली तरी डोळ्यांना होती. मी दुकानातला सुतळीचा तोडा घेतला आणि तसं गुंडाळून बघितलं. अंगठ्यावरून करंगळीवर नेताना माझा प्रत्येक वेळी गुंता झाला.

मग मी ती तार परत कुकरच्या मुठीला गुंडाळली, वेडीवाकडी. बादली शिवली, तरी ती गळतच राहिली. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवायला आलो तेव्हा दोन्ही तारा डब्यात होत्या. माझ्या हातून पडलेले पीळसुद्धा सरळ केलेले होते. आणि त्यांच्याबरोबर खुर्चीची सुतळी होती.

मला भीती वाटली, नाही असं नाही. पण भीतीपेक्षा वाईट एक गोष्ट झाली. मला फार लागलं. मला वाटलं, ती रागावली आहे. ती गेल्यावर मी मिक्सर बदलला होता. तिच्या ट्यूबच्या पट्टीचा जुना मिक्सर माझ्याच दुकानात, माझ्याच पाटीखाली देऊन टाकला होता, कारण सकाळी त्याचं बटण दाबून उभं राहायचा मला कंटाळा आला. तिला ते कळलं, आणि आता ती या घरातून आपला हात काढून घेते आहे. एकदा जाऊन भागलं नाही, आता टाका टाका करून जाते आहे.

"मिक्सरसाठी एवढं?" मी मोकळ्या खोलीत म्हणालो. "परत आणतो की. शोधून आणतो."

वरच्या पत्र्यावर पाऊस चालू होता. दुसरं काही ऐकू आलं नाही.

५

माझी मुलगी आसावरी तळेगावला असते, असायची. जावई सुश्रुत तिथल्या एका कारखान्यात इंजिनिअर. तिला दिवस होते आणि भाद्रपदातली तारीख होती. पहिलं बाळंतपण माहेरचं, हे आपल्याकडे ठरलेलं. तिने बातमी दिली तेव्हा रजनी होती. फोन कानाला लावून ओट्याशी उभी होती, आणि आसावरीला बाळंतपणाची भीती वाटतेय हे माझ्यापर्यंत ऐकू येत होतं. "भ्यायचं काय त्यात?" रजनी म्हणाली. "पहिलं बाळंतपण माझ्याकडे. मी आहे ना तुझ्याजवळ." मग पंधरवड्यातच ती गेली, आणि आईविना माहेर म्हणजे नुसतं घर, म्हणून तळेगावातच करायचं ठरलं.

आसावरीचा फोन रोज यायचा. तिला मी उसवण्याबद्दल काही बोललो नाही. जड अंगाच्या पोरीला असलं काय सांगायचं?

"बाबा, एक मागू?"

"माग की. दुकानातलं काय पाहिजे?"

"दुकानातलं नको. आईची गोधडी द्या ना मला. थोडे दिवस. आईचा वास येतो तिला."

वास येतो हे मलाही माहीत होतं. गोधडी तिच्याकडे गेली की सासूबाई धुणार, बाळ त्यात शू करणार, परत धुणार. मग काय उरलं?

"ती माझ्यासाठी शिवलीय तुझ्या आईने," मी थट्टेवर नेलं. "तुझ्या बाळाला नवं ब्लँकेट आणतो. एकदम मऊ. खोक्यातलं."

ती हसली. "आईने ऐकलं ना हे, तर तुमचं काही खरं नाही."

"आणतो गं, आणतो गोधडी पण," मी म्हणालो. पण आणली नाही.

६

त्यानंतर घर भराभर सुटत गेलं. छत्री उघडली तर कापड एकीकडे आणि काड्या एकीकडे. चाळणीचं भोक, पडद्याची दुमड, देवघराच्या दाराची बिजागरी, माझ्या चपलेचा अंगठा. आता आवाजही यायचा. दुपारी जेवून पडलो की आतल्या खोलीतून यायचा, टाका उसवताना दोरा कापडातून ओढला जातो तो. अगदी लहान आवाज. कापड त्याला धरून ठेवायला बघतं आणि मग सोडतं. मी उठून गेलो की थांबायचा. मी तिथेच उभा राहिलो तर पलीकडच्या खोलीत सुरू व्हायचा.

एक मला जाणवलं, आणि तेव्हा मी त्याचा विचार केला नाही. त्या आवाजात राग नव्हता. घाई होती. दिवाळीच्या आधी पाहुणे यायचे असले आणि काम उरलं असलं की ती जशी भराभर हात चालवायची, तशी.

मी माझ्यापुरतं एक ठरवलं. सगळं गेलं तरी चालेल, गोधडी जाऊ द्यायची नाही. दुकानात जाताना मी ती कपाटात कुलूपबंद करू लागलो. किल्ली जानव्याला. घरी आलो की आधी कुलूप काढून तिचे चारी कोपरे बघायचे, टाक्यांवर बोट फिरवायचं, नाक खुपसून वास घ्यायचा. बायको गेलेल्या म्हाताऱ्याला एवढं हक्काचं असू नये का?

भाद्रपदात एका सकाळी सुश्रुतचा फोन आला. "बाबा, आसावरीला कळा सुरू झाल्यात. ॲडमिट केलंय. आई आहे माझी बरोबर. डॉक्टर म्हणतात वेळ लागेल, तुम्ही दुपारनंतर निवांत या."

मी दुकानात गेलो आणि मऊ ब्लँकेट काढलं, पिवळं, बदकांचं. ते पिशवीत ठेवलं. गोधडी घ्यावी का असं मनात आलं. मग म्हटलं, पुढच्या वेळी.

दुपारी घरी आलो. चार घास खाऊन लोकल पकडायची होती. सहज खुर्चीवर चढून कपाटावर हात घातला. डबा हलका लागला. झाकण काढलं. तारा, सुतळ्या, दोऱ्यांची एवढी भरलेली गुंडाळी, त्यातलं काही नव्हतं. तळाशी थोडा गंज होता.

७

पाऊस इतका दाटून आला होता की भरदिवसा घरात दिवा लावावा लागला, आणि लावला तर वीज गेली. गाडीला अवकाश होता. मी कपाट उघडून गोधडी काढली आणि थोडा वेळ पाठ टेकली. गुडघे दुखत होते. डबा रिकामा झाला याचा मला आनंद होता, हे खरं सांगतो. मला वाटलं, संपलं. घेऊन गेली सगळं. ही एवढी मला ठेवली.

पायाकडचा कोपरा हलला.

आधी वाटलं, माझाच पाय. मी पाय आखडून घेतला. कोपरा परत हलला, लहानसा हिसका, मग थांबला, मग परत हिसका. दोरा ओढायचा, पुढचा टाका गाठायचा, परत ओढायचा. मी मान उचलून बघितलं. अंधुक उजेडात शेवटची शिवण सुटत होती, एकामागून एक टाका पाण्यात बुडाल्यासारखा कापडात नाहीसा होत होता आणि दोरा खाटेच्या खाली जात होता. मग जमिनीवर काहीतरी सांडलं. बारीक, टणक. तांदूळ.

मी उठलो आणि गोधडी दोन्ही मुठींत धरली. सुटलेल्या दोऱ्याचं टोक सापडलं तेही हाताला गुंडाळलं. दोरा ताणला गेला. पलीकडून ओढ आली. ओढीत जोर नव्हता. माझ्या मनगटात तिच्या दुप्पट ताकद असेल. पण ती सोडत नव्हती, आणि मला हिसके जाणवत होते, लहान, वेळ नसलेल्या माणसाचे.

"नको गं," मी म्हणालो. मी रडत होतो. "सगळं नेलंस. एवढी राहू दे. एवढी माझी."

ओढ थांबली.

मग खाटेच्या कडेखालून हात आला. मनगटापर्यंतच. पुढे अंधार होता आणि मी वाकून बघितलं नाही. पहिल्या बोटावर दोरा ओढून पडलेली खाच होती. ती खाच मी कुठेही ओळखीन. बोटं ओली होती. पावसाने असतील असं मला वाटलं. हात उलटला, तळवा वर झाला, आणि तसाच राहिला.

कितीतरी वेळ राहिला. मला माहीत होतं तो हात काय मागतो आहे. आयुष्यभर मी त्या हातावर दोरा ठेवला होता. मी गोधडी छातीशी घट्ट धरली आणि डोळे मिटून घेतले.

उघडले तेव्हा खाटेशी कुणी नव्हतं. दोरा माझ्या मुठीत होता. मी जिंकलो होतो. पिशवी घेतली, कुलूप लावलं आणि स्टेशनवर गेलो. तळेगाव यायच्या आत सुश्रुतचा फोन आला, आणि त्याला बोलता येईना.

८

मुलगी झाली. सुखरूप. आसावरीचं रक्त थांबेना. त्यांनी रक्त चढवलं, टाके घातले, परत आत नेलं. कुणाची काही चूक नव्हती, कुणीच हातचं राखून ठेवलं नाही. डॉक्टरीणबाई आमच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. "सगळीकडे थांबलं होतं," त्या सुश्रुतला म्हणाल्या. "एका जागी टाका धरेना."

पिवळं ब्लँकेट बाळाला गुंडाळलं. त्याचं खोकं कोणी फाडलं, लेबल कोणी काढलं, मला आठवत नाही.

माणसं भेटायला आली. चांगली माणसं, चांगल्या मनानेच बोलायची. "देवाने नेली पण बदली दिली हो. आसावरीच परत आली म्हणा." मी मान हलवायचो. भांड्यांचा व्यापारी मी, असली वाक्यं मी स्वतः शेकडो गिऱ्हाइकांना ऐकवली आहेत. शकुबाई कोपऱ्यात बसल्या होत्या, त्या एकदम कडाडल्या. "मानसाची बदली व्हती व्हय? ती पोर तिची ती हाय. आन् गेली ती गेली. आमच्या आसावरीच्या जागी कुनी येनार न्हाई." आणि पदर तोंडाशी धरून रडल्या. त्या दिवसांत खरं बोललेलं माणूस ते एकच.

९

बारावं झाल्यावर सुश्रुत माझ्याजवळ ओसरीवर येऊन बसला. चांगला पोरगा आहे. त्या दिवसांत त्याचे गाल बसले होते.

"बाबा, तुम्हाला सांगावं की नाही कळत नाही. ती अधूनमधून शुद्धीवर यायची, तेव्हा काहीतरी बोलत होती. ग्लानीत असेल."

"काय बोलत होती?"

"आई आलीय म्हणाली. पायाशी बसलीय, शिवतेय. इतकी शांत झाली होती हो तेव्हा, मला वाटलं आता उतार पडला. डॉक्टरसुद्धा म्हणाले, रक्त थांबत आलंय."

तो सांगत राहिला, त्याला ते कुठेतरी ठेवायचं होतं.

"मग म्हणाली, दोरा संपला. थोडाच कमी पडतोय. आई घरी गेलीय आणायला. मी म्हटलं, हो. म्हणाली, बाबा देतील."

"हे कधी?"

"दुपारी. आभाळ इतकं भरून आलं होतं की वॉर्डात दिवे लावले होते, तेव्हा." त्याने तोंडावरून हात फिरवला. "मग ती दाराकडे बघत राहिली. बराच वेळ. आणि नंतर एकदाच बोलली. आई रिकाम्या हाताने आली म्हणाली."

तो गेल्यावर मी आत आलो आणि कपाटाचं कुलूप काढलं. गोधडी त्या दिवशी कोंबली होती तशीच होती. उसवलेला कोपरा उजेडात धरला. कापडाच्या कडेला बोटांचे डाग होते, वाळून तपकिरी झालेले. पावसाच्या पाण्याचे डाग तसे पडत नाहीत.

मी त्याच दिवशी उसवायला बसलो. उसवणं सोपं असतं असं मला वाटायचं. तिने इतकं बारीक शिवलं होतं की एकेका टाक्याला सुईचं टोक घालून उचलावं लागे. शकुबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. सगळी लुगडी खोलीभर सुटी पडली होती आणि मी मधे बसलो होतो.

"भाऊ, काय करताय ह्ये? रजनीताईची येवढी येकच तर ऱ्हायली व्हती."

"तिला दोरा पाहिजे होता मावशी. तिने मागितला होता."

त्या खाली बसल्या, माझ्या हातातला गुंता घेतला आणि अंगठा-करंगळीत तिढा देत गुंडाळायला लागल्या. गोधडीतला सगळा दोरा, शेवटच्या कोपऱ्यातलासुद्धा, आम्ही डब्यात ठेवला. डबा कपाटावर ठेवला नाही. खाटेच्या कडेला, खाली, झाकण उघडं.

सकाळी बघितलं. होता तसाच होता. त्यानंतरही रोज बघतो. घरात आता एकही आवाज नाही. दुपारी इतकं शांत असतं की शकुबाईंकडची भांडी ऐकू येतात.

नातीचं नाव ओवी ठेवलंय. सुश्रुतच्या आईकडे, तळेगावला वाढते आहे. मी दर रविवारी जातो. तिचं नाक तिचं स्वतःचं आहे, ना आसावरीचं ना रजनीचं, आणि मला ते बरं वाटतं. दुकानावरची पाटी मी उतरवली. गिऱ्हाइकं विचारतात, मी रंग उडाला होता म्हणून सांगतो.

दुपारी दुकान बंद करून घरी येतो. जेवून झालं की खाटेच्या कडेला बसतो. आता मलाही नेढं दिसत नाही, सुईत दोरा ओवायला वेळ लागतो, पण ओवतो. मग तळव्यावर सुई ठेवून हात खाटेखाली धरतो आणि वाट बघतो. थोड्या वेळाने हाताला रग लागते. मग दुसरा हात धरतो.